पडवींतली तिचाकी

निवृत्त मास्तर बोलावयास बसला म्हणजे तो इतिहास-भूगोल सांगणार, असें आपण धरून चालतां. मी मात्र आज एका अडगळीची गोष्ट सांगणार आहें.

अडतीस वर्षें मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील शाळांतून शिकविलें, आणि बहुतेक शाळांत सायकलीवरून गेलों. किन्हवली-सरळगांव वाटेवरचा प्रत्येक चढ माझ्या गुडघ्यांस ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वीं कानाचें दुखणें झालें आणि तोल गेला. पायीं चालतों तें ठीक; पण दोन चाकांवर बसलों कीं सारा माहुलीचा डोंगर एका बाजूस कलूं लागतो. सायकल सुटली, तसा बाजार सुटला, वाचनालय सुटलें, मित्रांचा ओटा सुटला. तेव्हां थोरल्या मुलानें पुण्याहून तीन चाकांची, पाठ टेकून चालवावयाची सायकल आणून दिली. दोन चाकें पुढें, एक मागें. बैठक जमिनीपासून जेमतेम दीड वीत. पाय समोर लांब करून पायडल मारावयाचें. पहिल्या दिवशीं गांवचीं पोरें ओरडलीं, "गुरुजी आरामखुर्चींत बसून निघाले!" मला राग आला नाहीं. आरामखुर्ची का होईना, ती चालत होती.

वाहन आणणें सोपें, त्याला घर देणें कठीण. भाताच्या मुलखांतील पडवी कशी असते, हें आपणांपैकीं अनेकांना आजोळच्या आठवणीनें ठाऊक असेल. आमच्या पडवींत भाताचीं पोतीं, पेंढा, उखळ, मोडका नांगर, फवारणीचा पंप आणि धाकट्याची मोटारसायकल. त्यांत ही नवी पाहुणी ६ फूट लांब आणि ३२ इंच रुंद. आणि पडवीचें दार ३० इंचांचें! पहिल्या आठवड्यांत दोघांच्या नडग्या फुटल्या, एका कोंबडीनें बैठकीवर अंडें घातलें, आणि आमच्या घरांतून निर्वाणीचा खलिता आला : "ही तरी राहील, नाहीं तर पोतीं तरी." पोतीं राहणार, हें सांगावयास नकोच.

मग मास्तरकीच्या संवयीनें मीं टेप आणि खडू हातीं घेतला. जें शिकलों तें सांगतों. दारांतून ही सायकल सरळ जात नाहीं. पण पुढचें एक चाक उचलून तिला कुशीवर कलविलें, कीं तिची उंची तेवढी रुंदी होते, आणि ती २६ इंचच भरते. उरलेल्या दोन चाकांवर ती मुकाट आंत येते. अरुंद जागीं वळविण्यासाठीं बैठकीमागची दांडी धरून मागचें चाक उचलावें; पुढच्या दोन चाकांवर ती हातगाडीसारखी जागच्या जागीं फिरते. आणि रात्रीं तिला निजवूं नये, उभी करावी. मागच्या टोकावर उभी राहिली म्हणजे सोळा चौरस फुटांऐवजीं सहा चौरस फूट पुरतात. मात्र खुंटीस काथ्याच्या दोरीनें बांधावी, आणि पागोळ्यांकडे उभी न करितां मधल्या भिंतीशीं उभी करावी. कौलारू छपर बाहेरच्या बाजूस उतरतें, हें मी भूमिति शिकविणारा मनुष्य विसरलों आणि दोन कौलें फोडून बसलों. पावसाळ्यांत साखळीला तेल, आणि उंदरांसाठीं पोत्यांपासून हातभर अंतर. जाळीची बैठक त्यांना भातापेक्षां कमी रुचत नाहीं.

एवढें जमल्यावर मला थोडा गर्व झाला. तो उतरला मुरबाडकडे, म्हसें गांवाच्या बाजूस. तेथें माझा एक जुना विद्यार्थी राहतो. लहानपणींच त्याचे दोन्ही पाय गेलेले. त्याला सरकारी शिबिरांत हातानें चालवावयाची तिचाकी मिळाली होती. अशी साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ सालापासूनची. तीं बनविणारा कानपूरचा कारखाना १९७२ सालचा. कल्पना तर त्याहून फार जुनी. जर्मनींत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फ्लर नांवाच्या एका पांगळ्या घड्याळजीनें १६५५ च्या सुमारास स्वतःसाठीं हातानें फिरवावयाची तीन चाकांची गाडी केली होती. योगायोग असा, कीं माझा विद्यार्थीहि घड्याळें दुरुस्त करितो.

मीं त्याला माझ्या युक्त्या मोठ्या ऐटींत सांगितल्या. त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खालीं उतरून सायकल उचलतां. मी उतरलों कीं मला कोण उचलणार?"

मी गप्प झालों. त्याच्या घराचें जोतें दीड फूट उंच, दार अरुंद. पहिलीं दोन वर्षें त्याची तिचाकी अंगणांत उभी होती. मृगापासून हस्तापर्यंत आमच्याकडे जो पाऊस पडतो, त्यांत साखळी गंजली, टायर चिरले, आणि ते चार-चार महिने त्याचा आठवड्याचा बाजार बुडाला. गाडी होती, पण घरांत तिला जागा नव्हती. म्हणून त्याला घराबाहेर जागा नव्हती.

पुढें त्याच्या भावानें दार रुंद केलें आणि भिंतीच्या कडेनें उतरण बांधली. एका इंचाच्या चढाला एक फूट उतरण, असा हिशेब. म्हणजे १८ इंचांना १८ फूट. अंगणांत एवढी लांबी सरळ बसेना, म्हणून मध्यें सपाट वळण घेऊन ती बांधली. पडवींतली कणगी माळ्यावर गेली. जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा आहेत. त्यांच्यामध्यें घरांतील कोणीहि घागरसुद्धां ठेवीत नाहीं. तो गाडींत बसूनच आंत येतो, बसूनच बाहेर जातो.

घरीं परतल्यावर मीं आमच्या पडवींतहि खडूच्या दोन रेघा ओढल्या. माझे गुडघे उद्यां उचलाउचल करतीलच, असा भरंवसा नाहीं. मोडका नांगर गेला. पोतीं एकावर एक चढलीं. घरांतून थोडी कुरकुर झाली. पण त्या रेघा कशासाठीं, हें सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यांवरून खडूच्या जागीं पांढरा रंग फिरलेला दिसला.

श्रोतेहो, शहरांतल्या आपल्या जिन्याखालींहि एखादी काठी, चाकाची खुर्ची किंवा म्हाताऱ्या माणसाची सायकल कपाट आणि खोक्यांच्या मागें दडपलेली असेल. आज ती बाहेर काढा, आणि तिच्या रुंदीएवढी वाट मोजून मोकळी ठेवा. अडगळ म्हणून आपण जें कोपऱ्यांत लोटतों, तें कोणाचे तरी पाय असतात.