डोळा, कान आणि घरची शुश्रूषा



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी साहित्यावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, असा काही स्नेह्यांचा आग्रह होता. मी हा साधा विषय मागून घेतला. मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारच्या लेखाखात्यातील एक अधिकारी, एवढीच माझी ओळख. परंतु बदलीच्या नोकरीत आई आणि आत्या यांना बरोबर घेऊन गावोगाव राहताना मोतीबिंदू, काचबिंदू, वाहता कान आणि श्रवणयंत्र या सर्वांशी माझा निकटचा परिचय झाला. ठिकठिकाणचे डॉक्टर व परिचारिका यांनी जे शिकवले, तेच आज आपणांपुढे ठेवतो. निदान आणि औषधयोजना हे डॉक्टरांचे काम. ते आटोपून रुग्ण घरी आला म्हणजे उरलेला सारा दिवस घराचा असतो, आणि मला बोलावयाचे आहे ते त्या दिवसाविषयी.

प्रथम डोळे येण्याविषयी. आपल्या या कोलकाता शहरात या विकाराला ‘जय बांगला’ असे नाव आहे. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, त्याच सुमारास ही साथ भडकली, म्हणून लोकांनी तिला त्या वेळची घोषणाच बहाल केली. पुढे २०२३ च्या पावसाळ्यातही देशाच्या अनेक भागांत मोठी साथ आली. तरीही आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात, ही समजूत अद्याप गेलेली नाही. वस्तुतः हा रोग हात, रुमाल, पंचा आणि उशीचा अभ्रा यांच्या मार्गाने पसरतो. म्हणून रुग्णाचे हे कपडे वेगळे ठेवावेत, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. चिपडे काढताना उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवावा, नाकाकडील कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच पुसावे आणि तो बोळा टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. डोळ्यावर पट्टी बांधू नये. साथीतील बहुतेक रुग्णांना विषाणूंमुळे हा त्रास होतो व एक-दोन आठवड्यांत तो आपोआप शमतो. काजळ, मध, गुलाबपाणी किंवा अंगावरचे दूध डोळ्यांत घालण्याचे काहीच कारण नाही.

येथे एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची बाटली आणू नये, अथवा औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने थेंब घेऊ नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते, परंतु बुबुळावर विशिष्ट विषाणूची जखम असेल तर ती चिघळते. आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दृष्टी मंदावली, उजेड सोसवेना, ठणका लागला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नवजात बालकाच्या डोळ्यांतून पू येत असेल, तर तासाचाही विलंब करू नये.

थेंब घालणे ही क्रिया सोपी वाटते, पण तिचीही रीत आहे. बाटलीवरचे नाव व मुदत मोठ्याने वाचावी. रुग्णाने मान मागे करून वर पाहावे. खालची पापणी हलकेच ओढली की लहानसा खळगा तयार होतो. त्यात एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. मलम असल्यास ते शेवटी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण महिन्याने ती टाकून द्यावी.

रांजणवाडी झाल्यास ती पिळू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे शेक द्यावा. ती वारंवार होत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. दैनंदिन कामांत अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. त्यानंतर मात्र घराची कसोटी लागते. डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, झोपताना संरक्षक कवच लावावे, पाण्याची बादली उचलू नये, थेंबांचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. एकदा सुधारलेली दृष्टी पुन्हा अंधूक झाली, लाली व वेदना वाढली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. काचबिंदूची गोष्ट निराळी. बहुतेक वेळा तो दुखत नाही आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः आईवडील वा भावंडांपैकी कुणाला तो असेल, तर डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी.

पानतंबाखूच्या चुन्याने होणारे अपघातही लक्षात ठेवावेत. डबी वा नळी मुलांच्या हाती लागते, ती दाबली जाते आणि चुना डोळ्यांत उडतो. अशा वेळी रिक्षा शोधण्यापूर्वी डोळा धुवावा. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस-तीस मिनिटे सोडावी, मगच रुग्णालयात न्यावे. याउलट डोळ्यांत काही टोचून रुतले असेल, तर ते उपटू नये, डोळा दाबू नये, धुऊही नये. वर कागदी पेला झाकून तसेच न्यावे.

आता कानाकडे वळू. कानातील मळ हा कचरा नव्हे. तो कानाचे रक्षण करतो आणि आपला आपण बाहेर येतो. केसांचा आकडा, काडेपेटीची काडी किंवा किल्ली घालून आपण तो आत लोटतो, कधी पडदाही फाडतो. दडे बसले असतील, तर डॉक्टरांकडून मळ मऊ करून काढून घ्यावा. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्याची आपल्याकडे परंपरा आहे. माया कितीही असली तरी पडद्याला छिद्र असेल तर ते तेल मध्यकर्णात उतरते, आणि गरम असेल तर भाजते.

लहान मुलांचे कान अधिक फुटतात, याला कारण आहे. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी त्यांच्यात आखूड व आडवी असते, त्यामुळे पडशाचा संसर्ग सहज कानापर्यंत पोहोचतो. म्हणून बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध पाजू नये. डोके उंच धरावे. कान वाहत असेल तर स्वच्छ सुती फडक्याची किंवा चिवट टिपकागदाची वात करून कानात ठेवावी, भिजली की बदलावी, कोरडी निघेपर्यंत हे करावे. असे दिवसातून तीनदा. मग डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालावेत. ते आधी तळहातात धरून कोमट करावेत, कारण गार थेंबांनी भोवळ येते. मोठ्या माणसाची कानाची पाळी वर व मागे ओढावी, तीन वर्षांखालील मुलाची खाली व मागे. कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, भोवळ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव ही धोक्याची लक्षणे आहेत. मुलाने कानात हरभरा घातला तर पाणी ओतू नये, तो फुगतो. आणि घड्याळातील बटणासारखी बॅटरी गेली असेल तर काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर तेही तातडीचे समजावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार मिळाल्यास आशा अधिक असते.

आपल्या उत्सवाविषयीही बोलले पाहिजे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असे धरले, तर दर तीन डेसिबलच्या वाढीला ती मुदत निम्मी होते. ढोलताशा व ध्वनिक्षेपक यांच्याजवळ मुलांना उभे करताना हा हिशेब ध्यानी ठेवावा. वादकांनी कानात बोळे वापरण्यात कमीपणा कसला?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुण्यात वा नागपुरात वृद्धांना कमी ऐकू आले, तरी भोवताली मराठी असते. येथे आपल्या आईला मराठी ऐकू येते ती घरातल्या चार माणसांच्या तोंडून. ते चार आवाज पुसट झाले, की तिच्यापुरती भाषाच संपते. मग ती ‘हल्ली गप्प असते’ असे आपण म्हणतो. तिच्याशी बोलताना दूरदर्शनसंच बंद करावा, समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असावा, सावकाश बोलावे. ओरडू नये, कारण ओरडल्याने शब्द फाटतात. श्रवणयंत्र अंगवळणी पडण्यास काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी ‘नुसता गोंगाट’ अशी तक्रार येतेच. म्हणून ते कपाटात ठेवू नये. रोज थोडा वेळ वाढवत जावे, रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवावे आणि यंत्र कोरड्या डबीत ठेवावे.

त्याच आईला डॉक्टरांपुढे ‘खुपते’, ‘चुरचुरते’, ‘ठणकते’ यांतील भेद बंगालीत वा हिंदीत सांगता येत नाही; आणि निदान तर पुष्कळदा त्या भेदावरच अवलंबून असते. म्हणून माझी कार्यकारिणीस विनंती आहे, की या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्वयंसेवकांची एक यादी करावी. ज्या घरी वृद्ध एकटे आहेत, त्यांच्याबरोबर यांतील एकाने रुग्णालयात जावे, त्यांचे म्हणणे डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे म्हणणे त्यांना नीट सांगावे, थेंबांचे वेळापत्रक मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.