खेळाडूला काय विचारावे?



कामगार संघटनेच्या माणसाने फुटबॉलवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. डावपेच सांगण्याचा माझा अधिकार नाही. खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक आपल्या आयुष्याची हकीकत सांगू लागले, म्हणजे त्यांना आपण काय विचारावे, एवढाच माझा विषय आहे. गोल कसा झाला, हे सारेच विचारतात. घर कसे चालले, हे विचारणारा विरळा.

१९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आणि १९६२ मध्ये जकार्ताला एशियाई सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

या दोन्ही संघांत सिकंदराबादचे तुलसीदास बलराम होते. घरची गरिबी. उतारवयात मुलाखतींतून ते सांगत, की रहीमसाहेबांनी सरावाला हैदराबादेस बोलावले, पण रोज जाण्यायेण्याला पैसा नव्हता. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीमसाहेबांनीच रुपया दिला. दहा विजयांच्या वर्णनांतून कळणार नाही ते प्रशिक्षकाविषयी या एका रुपयातून कळते. आणि ज्यांना हा रुपया देणारा कोणी भेटला नाही, असे किती बलराम घरीच राहिले असतील, हाही प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काळी खेळाडूला नोकरीचा आधार असे. कोणी पोलिसांत, कोणी रेल्वेत, कोणी सैन्यात. मुंबईत टाटांनी, पुढे मफतलाल, ओर्के, महिंद्र अशा कंपन्यांनीही संघ बाळगले. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने ३ गोल करणारे नेव्हिल डिसोझा टाटांच्या संघाचे. पाय थकले तरी नोकरी राहते, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. पण तिला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. मालकाला हौस आहे तोवर संघ, हेही तितकेच खरे. महिंद्र युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला. १९९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा, फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ २०११ मध्ये बंद पडला. चांगले काम केले म्हणून खाते टिकतेच असे नाही, हे गिरणी कामगाराला ठाऊक आहे. ते या खेळाडूंनाही कळले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुदतीच्या कराराने खेळणाऱ्यांचा पैसा वाढला. पण मुदत संपली की दुसरे दार शोधणे आले. आपल्या वाळूजच्या कंत्राटी कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. २०२५ मध्ये लीगच्या व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नव्याचा पत्ता नाही, म्हणून मोसम वेळेवर सुरू झाला नाही. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबविल्याचे जाहीर केले. यात खेळाडूंची चूक कोणती?

मग उपाय काय? इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथे खेळाडूचा आठवड्याचा पगार २० पौंडांच्या वर जाऊ नये, असा नियमच होता. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या सभा झाल्या. मँचेस्टरच्या सभेत एक तरुण म्हणाला, की माझा बाप खाणीत राबून याहून कमी मिळवतो, आपल्याला एवढे पुरे. तेव्हा बोल्टनचे टॉमी बँक्स उठले. खाणीतले कष्ट मला माहीत आहेत, पण तुझ्या बापाला कोळसा खणताना पाहायला ३० हजार माणसे जमत नाहीत. मी या मॅथ्यूजला अडवतो ते पाहायला जमतात, अशा आशयाचे ते बोलले. सभेचा रंग पालटला. संपाची तयारी झाली, आणि १९६१ च्या जानेवारीत ती मर्यादा उठली. खेळाडूंनी आपल्या कामाविषयी एकमेकांशी मोकळेपणी बोलणे, हीच संघटनेची पहिली पायरी. आपल्याकडेही २००६ मध्ये भाईचुंग भुतिया यांच्या अध्यक्षतेखाली फुटबॉलपटूंची संघटना निघाली आहे.

म्हणून माझी विनंती आहे. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, हजारो लोक पाहतात. तेथला असो वा आपल्या शहरातला, खेळाडू भेटला तर त्याच्या गोलाचे कौतुक जरूर करा. मग शेजारी बसून विचारा : करार किती वर्षांचा? वाचून सही केलीस का? गुडघा दुखावला तर औषधपाणी कोणाकडे? पगार वेळेवर येतो का? पस्तिशीनंतर काय करणार? प्रशिक्षकालाही विचारा, की संघातून ज्याला वगळलेस त्याचे पुढे काय झाले? उत्तर यायला वेळ लागेल. उठून जाऊ नका.