पार्ल्याचा वास
पूर्वी लोकलमध्ये डुलकी लागली तरी विलेपार्ले चुकत नसे. भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गोडसर, उबदार वास खिडकीतून आत यायचा आणि माणसं पिशव्या सावरत दाराशी सरकायची. १९२९ साली पार्ले पूर्वेला सुरू झालेला तो ‘पार्ले’ बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. बिस्किटाला नाव या उपनगरावरून मिळालं, हे आता मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. पार्ल्यातले कौलारू बंगलेही गेले, त्यांच्याबरोबर अंगणातला प्राजक्तही गेला. मला त्याचं जास्त वाईट वाटतं. १९२१ चं पार्ले टिळक विद्यालय मात्र आहे, १९२३ चा लोकमान्य सेवा संघही. संघाच्या ग्रंथालयात आजही आजोबा नातवाचं बोट धरून पुस्तक बदलायला येतात.