रेशमी कोंबडी आणि रवणीचे मोल



दोन वर्षांपूर्वी शिमग्याला माझा पुतण्या मुंबईहून गावी आला, तो हातात एक जाळीचा खोका सांभाळीतच. ओटीवर खोका उघडला आणि आतून कापसाच्या गोळ्यासारखी दोन पांढरी पाखरे बाहेर आली. एक नर, एक मादी. अंगावर पिसे म्हणावीत तर ती केसांसारखी. डोक्यावर झुपका, पायांवरही लव, आणि लव बाजूला सारली तर खालची कातडी काळीशार. शेजारच्या काकी हातातले सूप तसेच ठेवून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही कोंबडी म्हणायची की बोका?"

काकींना ठाऊक नव्हते, पण त्यांच्या आधी सातशे वर्षे मार्को पोलो नावाच्या प्रवाशाने हेच म्हणून ठेवले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो चीनमध्ये होता. तिथल्या कोंबड्यांना मांजरासारखे केस असतात, असे त्याच्या प्रवासवर्णनात आहे. हीच ती सिल्की, म्हणजे रेशमी कोंबडी. आज हौसेने ती आपल्याकडेही पाळतात. तिला पाळावी कशी, तिची वीण कशी वाढवावी, प्रदर्शनात न्यावी कशी आणि मुख्य म्हणजे तिच्यापासून आपण शिकावे काय, हे आज सांगणार आहे. त्यातले पहिले शिक्षण मला माझ्या चुकीने मिळाले, म्हणून आरंभ तिथूनच करतो.

मृगाचा पाऊस तोंडावर आला होता. मी दोन्ही पाखरे गावठी कोंबड्यांबरोबर खळ्यात मोकळी सोडली आणि बाजाराला गेलो. दुपारी सर आली. गावठी कोंबड्या पडवीत शिरल्या. ही दोघे मात्र गडग्याच्या कोपऱ्यात भिजत उभी राहिली. झुपका ओला होऊन डोळ्यांवर आलेला, वाट दिसेना. मी परत आलो तेव्हा दोन्ही चिंध्यांसारखी झाली होती. फडक्याने पुसून चुलीजवळ ठेवली. कोंबडी वाचली. कोंबडा दुसऱ्या दिवशी गेला. पाखराचा दोष नव्हता, दोष माझा.

असे का झाले? शिक्षक बंधू-भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. गावठी कोंबडीचे गळलेले पीस घ्या. त्याच्या दोन धारा बोटांनी विस्कटा आणि पुन्हा खालून वर बोट फिरवा. पीस जसेच्या तसे जुळते. त्याच्या तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पाणी वरच्यावर ओघळते. रेशमी कोंबडीच्या पिसांना हे आकडेच नीट नसतात. म्हणून पीस मऊ राहते, पण पाणी थोपवीत नाही, आणि त्या पंखांनी नीट उडताही येत नाही. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस कोसळतो. इथे ही कोंबडी ठेवायची तर आधी छप्पर, मग हौस.

तिचे खुराडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या जोत्यावर, जमिनीपासून उंच असावे. तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्यापावसाकडे नको. पागोळी लांब पडेल इतके छप्पर पुढे काढावे. ती उंच दांडीवर बसत नाही, खालीच झोपते. म्हणून भाताच्या तुसाचा तीन-चार बोटे थर घालावा, तो रोज हलवावा आणि ओला झाला की बदलावा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचा रोग वाढतो. डोळ्यांवर येणारा झुपका कातरीने थोडा कमी करावा. ज्या पाखराला समोरचे दिसत नाही, ते मुंगसाच्या तोंडी आयते सापडते.

आता मिळकतीचे बोलू. अंड्यांसाठी ही कोंबडी घेऊ नये. अंडे लहान, आणि वर्षाकाठी साधारण शंभर-सव्वाशे. मग तिचा गुण कोणता? तर ती पुनःपुन्हा खुडूक होते. कोणाचीही अंडी द्या, ती रवणीला बसते आणि पिल्ले मायेने वाढवते. माझी कोंबडी दसऱ्यानंतर खुडूक झाली. तिच्याखाली गावठीची सात अंडी ठेवली, सहा पिल्ले निघाली.

हे पाहून काकी म्हणाल्या, "ह्यात काय नवल? आमची गावठी पण बसते की!" खरेच आहे. पण तीच गावठी खुडूक झाली की आपण काय करतो? पाण्यात बुडवतो, नाकात पीस अडकवतो, म्हणजे ती लवकर पुन्हा अंड्यावर यावी. व्हाईट लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींतून तर माणसाने हा गुण निवडीनेच जवळजवळ काढून टाकला. ज्यांच्याकडे अंडी उबवण्याचे यंत्र आहे त्यांना ते परवडते. ज्याच्या घरी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, त्याला खुडूक कोंबडी हेच यंत्र. घरात चांगली बसणारी एखादी गावठी असेल, तर तिला विकू नका, तिची तलंग राखून ठेवा.

रवण घालताना इतके सांभाळा. अंडी आठ दिवसांच्या आतली घ्या, आणि ती थंड, सावलीच्या जागी ठेवलेली असावीत. फ्रिजमधली नकोत. गावठीखाली दहा-बारा, रेशमीखाली सहा-आठ पुरे. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या अंगावर उवा नाहीत ना, ते पाहा. तिला रात्री बसवा, म्हणजे ती ठरते. दाणा-पाणी टोपलीजवळच ठेवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे धरा. आत तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. ज्यात काहीच दिसत नाही ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. शक्यतो भर पावसात रवण घालू नये. दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस बरे.

पिल्ले निघाली म्हणजे सुटलो, असे समजू नका. मानमोडी आली की वाडीच्या वाडी रिकामी करते. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढच्या लशी पशुवैद्यकाला विचारून वेळच्या वेळी द्याव्या. बाटलीत मात्रा पुष्कळ असतात आणि बाटली उघडली की लस लवकर वाया जाते. म्हणून एकट्याने न आणता वाडीने मिळून आणावी आणि एकाच सकाळी सर्वांच्या पिल्लांना द्यावी.

आता विणीविषयी. माझ्या कोंबडीला स्वजातीचा नर उरला नव्हता. ती गावठी कोंबड्याबरोबर राहिली. त्यांची पिल्ले मोठी झाली ती साध्या पिसांची! मुले म्हणाली, रेशीम गेले. मी म्हटले, गेले नाही, लपले आहे. पुढल्या वर्षी त्याच पिल्लांतल्या नर-माद्यांची अकरा पिल्ले झाली, त्यांत तीन रेशमी निघाली. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम तो हाच. तो कोंबड्यांनाही लागू आहे, हे इंग्लंडात बेटसनने 1902 मध्ये दाखवले. वर्गात दोन नाणी एकदम चाळीस वेळा उडवा. दोन्हींवर छाप सुमारे दहा वेळा येईल, कधी कमी, कधी जास्त. रेशमी पिल्लांचा हिशेबही तसाच, चारांत एक.

विकत घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. लहानपणी सगळीच पिल्ले लवदार दिसतात. पायाची बोटे मोजा. रेशमीला पाच असतात, साध्या कोंबडीला चार. कातडी काळी आहे ना, तेही पाहा. पण नुसत्या काळेपणावर जाऊ नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथही काळीच असते, तिची पिसे मात्र साधी.

प्रदर्शनात न्यायची असेल तर हीच लक्षणे पारखली जातात: पाच बोटे, काळी कातडी, गोल झुपका, पायांवरची लव आणि तुतीच्या रंगाचा तुरा. आठ-दहा दिवस आधीपासून तिला पिंजऱ्याची आणि माणसाच्या हाताची सवय करावी. दोन दिवस आधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी आणि मुळापर्यंत पूर्ण वाळवावी. परत आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेवावी. बक्षिसाबरोबर रोग घरी आणण्यात शहाणपण नाही.

श्रोते हो, परवा काकींची गावठी खुडूक झाली. पूर्वी त्यांनी तिला पाण्यात बुडवली असती. यंदा त्यांनी टोपलीत पेंढा घातला आणि माझ्याकडे अंडी मागायला आल्या. मऊ पीस पाहून आपण भुलतो, त्यात गैर काही नाही. पण कोंबडीचे मोल तिच्या पिसात कमी आणि तिच्या पोटाखालच्या उबेत अधिक. ते मोल आपल्या प्रत्येकाच्या खळ्यात आहे. ते जपा.