पाणीपुरी एकच, मग ताप त्यालाच का?

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकाच गाडीवर पाणीपुरी खाल्ली. मला काहीच झालं नाही. तो टायफॉइडने अठरा दिवस झोपून. वर आजी म्हणाली, "तुझ्या अंगात ताकदच नाही रे." ताप उतरला, पण ते वाक्य त्याच्या मनातून काही उतरलं नाही. म्हणून आज उंदरांची गोष्ट.

प्रयोगशाळेत 'सी३एच/एचईजे' नावाची उंदरांची एक जात असते. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या आवरणात एलपीएस नावाचं विष असतं. ते टोचलं की बाकीचे उंदीर शॉकमध्ये जाऊन मरतात. हे पठ्ठे मात्र मजेत! 1960च्या दशकातच हे लक्षात आलं होतं. म्हणजे हे दणकट, असंच वाटेल ना? पण यांनाच थोडेसे जिवंत साल्मोनेला दिले, की हे पटापट मरतात.

कारण सापडायला 1998 उजाडलं. डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या टीमने अनेक वर्षं गुणसूत्र पिंजून काढलं. टीएलआर४ नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. फक्त एक! हे जनुक एलपीएस ओळखणारं प्रथिन बनवतं. ते बिघडलं की चोर घरात शिरतो आणि कुत्रा भुंकतच नाही. या कामासाठी 2011च्या नोबेलमध्ये बॉयटलरना वाटा मिळाला.

आता दुसरी जात, 'सी५७ ब्लॅक ६'. इथे कुत्रा व्यवस्थित भुंकतो, तरी साल्मोनेलाने हेही मरतात! यांचा घोळ वेगळाच. आपल्या पेशी जिवाणूला गिळून एका पिशवीत कोंडतात. त्या पिशवीतलं लोह आणि मँगनीज बाहेर काढणारा एक पंप असतो, जिवाणूची उपासमार करायला. त्याचं जनुक, एनरॅम्प१, 1993 मध्ये माँट्रियलला सापडलं. या उंदरांमध्ये तो पंपच बंद. म्हणजे चोर कोठडीत, पण जेवणाचा डबा चालू.

माणसाचं इतकं सरळ नसतं हं. अनेक जनुकं, वय, लस, आधीचे आजार, पोटात किती जिवाणू गेले, सगळं मोजावं लागतं. भावाच्याच पुरीत जास्त जिवाणू असतील, हेही शक्य आहे.

हे सगळं मी आजीला ऐकवलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जनुकं म्हणजे आमच्याकडूनच आलेली ना?" आणि रात्री भावाच्या भातावर तूप जरा जास्तच पडलं.