आधी हेलियम मोजा!

नाचणगावहून पुलगाव स्टेशन, तिथून रेल्वेनं नागपूर, आणि इथं पोचल्यावर कळलं की मला पाचच मिनिटं आहेत. तेव्हा प्रस्तावना सोडतो. राजवायू तुम्हाला ठाऊक आहेत, इलेक्ट्रॉनही ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की आरगॉन मोजायचा असेल तर आधी हेलियम मोजा.

आरगॉनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. ऊर्जा साडेअकरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली ठेवली, तर अणूच्या आत काही ढवळत नाही. अणू पडला इलेक्ट्रॉनच्या जवळपास 73 हजार पट जड; तो धक्क्यानंही फारसा हलत नाही. इलेक्ट्रॉन आणलेली ऊर्जा जवळपास सगळी घेऊन नुसता दिशा बदलतो. हे स्थितिस्थापक प्रकीर्णन. कोणत्या कोनात किती गेले, ते मोजायचं.

पोरं आनंदानं येतात, ‘सर, 60 अंशांवर मिनिटाला 340 आले!’ अरे बाबा, 340 आले, पण कशातून? बारीक नळीतून निर्वातात सुटलेला तो वायू. त्याची दाटी किती होती? झोत त्याच्या किती भागातून गेला? शोधकानं शंभरातले किती पकडले? यातलं काही धड सांगता येत नाही, आणि खाली काटछेद, म्हणजे अणू इलेक्ट्रॉनपुढे केवढं लक्ष्य धरतो ते, म्हणून आकडा लिहून मोकळे.

आता आमच्या शेजारीणबाई. साखर नेतात वाटीनं, आणून देतात त्याच वाटीनं. वाटीत किती ग्रॅम मावतात ते त्यांना ठाऊक नाही, आमच्या घरातही नाही. पण तंटा नाही, कारण वाटी तीच. आपलं यंत्र म्हणजे ती वाटी. तिचं माप कळू नये, चालेल. त्याच यंत्रात आधी हेलियम सोडा, मग आरगॉन, आणि गुणोत्तर घ्या. न कळलेल्या बहुतेक गोष्टी छेदून जातात.

हेलियमच का? त्याचा हिशेब आधीच झालेला आहे. दोनच इलेक्ट्रॉनांचा अणू, गणित पुरं होतं. अमेरिकेतल्या नेस्बेट यांनी 1979 साली 19 इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे त्याच्या काटछेदाचे आकडे टक्क्याच्या आसपास अचूक काढून ठेवले. शिवाय हेलियम गुणी. 1921 साली जर्मनीच्या राम्सॉरला दिसलं, की एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही आतले मंद इलेक्ट्रॉन आरगॉनमधून जणू वाट मोकळी असल्यासारखे निघून जातात. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे तेव्हा कुणाला माहीत होतं! हेलियम असली चकवाचकवी करत नाही. मापाला असलंच माणूस हवं.

पण थांबा. साखरेची वाटी सपाट राहते. बेसनाच्या वाटीला शीग येते. वाटी तीच, भरणं वेगळं. (वजनाचं सोडा, मी शिगेबद्दल बोलतोय.) नळीतून सुटणाऱ्या वायूचंही तसंच. आरगॉनचा अणू मोठा, त्याच दाबाला त्याचे अणू एकमेकांवर जास्त आपटतात, नि फवाऱ्याचा आकार बदलतो. मग हेलियमचा दाब आरगॉनच्या पावणेतीनपटीच्या आसपास ठेवायचा, म्हणजे दोघांची शीग सारखी. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत श्रीवास्तव, चुटजियन आणि ट्रॅजमार यांनी 1975 मध्ये ही सापेक्ष प्रवाहाची रीत मांडली. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कृष्णकुमार आणि वैभव प्रभुदेसाई यांनी हीच रीत इलेक्ट्रॉन चिकटून रेणू तुटतो त्या कामासाठी वापरली. तिथं हेलियमच्या जागी ऑक्सिजन.

पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच ऐकणाऱ्याच्या कानावरून जातं. आरगॉनच्या दिवशी हेलियमही मोजायचा, त्याच दिवशी. मागच्या महिन्याचा हेलियम चालत नाही. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेची धग उतरलेली असते, झोत सरकलेला असतो. मागच्या महिन्याची वाटी म्हणजे दुसऱ्याच घरची वाटी.

अजून एक गोष्ट होती. जे इलेक्ट्रॉन थेट मागे, 180 अंशांत फिरतात, ते मोजायचे कसे? त्या जागी तर झोत सोडणारी बंदूकच उभी! मँचेस्टरच्या रीड यांनी 1990 च्या दशकात चुंबकाची एक युक्ती काढली, वायूभोवती छोटी वेटोळी ठेवून इलेक्ट्रॉनांची वाटच वळवायची, आणि मग... काचेपलीकडून बोट दाखवताहेत, वेळ संपली. बरं. चुंबकाचं राहिलं.