डोक्याला बॉल लागला, आणि तो म्हणाला, ‘मी ठीक आहे’

आज क्रिकेटवर बोलूया, पण स्कोअरवर नाही. डोक्याला लागणाऱ्या मारावर.

३१ जानेवारी २०२५. आपल्या शेजारच्या गहुंजे स्टेडियमवर भारत-इंग्लंड चौथी टी-ट्वेंटी. मुंबईचा शिवम दुबे पन्नाशी पार करून खेळतोय. शेवटच्या ओव्हरमध्ये जेमी ओव्हर्टनचा बाउन्सर थेट हेल्मेटवर! तपासणी झाली, दुबे पुन्हा उभा राहिला, पुढच्या बॉलवर धावलासुद्धा. डोकं दुखतंय हे कळलं ब्रेकमध्ये. मग त्याच्या जागी ‘कन्कशन सबस्टिट्यूट’ म्हणून हर्षित राणा आला, त्याने ३ विकेट काढल्या आणि आपण १५ रन्सनी जिंकलो.

लगेच भांडण सुरू. बदली खेळाडू ‘लाइक फॉर लाइक’ हवा ना? मग ऑलराउंडरच्या जागी फास्ट बॉलर कसा? प्रश्न बरोबरच आहे. पण त्या गोंधळात एक गोष्ट राहून गेली: पहिल्या तपासणीत दुबे ठीक वाटला होता.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा बॉल स्टीव्ह स्मिथला लागला. तपासणी झाली, तो परत येऊन खेळला. त्रास जाणवला दुसऱ्या दिवशी. मग लाबुशेन आला, टेस्टमधला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. आयसीसीचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता.

आता मी इंजिनिअर, म्हणून सिस्टिमकडे बघतो. आधी बदली खेळाडूला फक्त फील्डिंग करता यायची. म्हणजे ‘मला चक्कर येतेय’ म्हटलं की टीमचा एक माणूस कमी. मग खरं कोण बोलणार? नव्या नियमाने खरं बोलण्याची शिक्षा काढून टाकली. २०२५ मध्ये तो आणखी कडक झाला: बदली खेळाडूंची नावं मॅचआधीच द्यायची, आणि कन्कशन झालं तर किमान ७ दिवस खेळायचं नाही.

आणि आपल्याकडे? हिंजवडीतल्या एका कंपनी टूर्नामेंटमध्ये माझ्या मित्राच्या डोक्याला बॉल लागला. ‘काय रे, ठीक ना?’ ‘हो रे, टाक बॉल.’ नंतर त्याने मला तीनदा विचारलं, ‘टॉस कोणी जिंकला?’ आम्ही हसलो! त्याला बाइकवरून एकट्याला पौडला जाऊ दिलं. घोटवडे फाट्यावर उलटी झाली, तेव्हा त्याने फोन केला. तो आज बरा आहे, पण ते आमचं नशीब. त्यात आमची अक्कल काही नव्हती.

म्हणून एवढं करा. डोक्याला लागलं, की त्या दिवसाचा खेळ बंद. शुद्ध हरपली नसली तरी कन्कशन होऊ शकतं. त्याला बाइक द्यायची नाही, एकटं सोडायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. उलटी, वाढती डोकेदुखी, तेच तेच प्रश्न, जास्त झोप दिसली तर थेट हॉस्पिटल. आणि मॅचआधीच दोन्ही कॅप्टननी ठरवायचं: बदली खेळाडू बॅटिंगही करेल, बॉलिंगही.

रविवारी ग्राउंडवर जाण्याआधी हा एपिसोड टीमच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!